भाजीचा वाटा: घ्यावा की न घ्यावा?

शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घ्यायचा, या पद्धतीबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. काहींना चार ओळींचं उत्तर पुरलं, काहींना नाही.

प्रश्न : कळमेश्वरकडच्या एका शेतकऱ्याने आमच्या सोसायटीत वाटे देऊ केले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून २४ आठवडे, दर बुधवारी ५ किलोचा थैला, एकूण ९,६०० रुपये, दोन हप्त्यांत. घरात आम्ही चौघं. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलं शाळेत. घ्यावा का? — मनीषनगर

उत्तर : आधी भागाकार उरकून टाकू. २४ थैले, प्रत्येकी ५ किलो, म्हणजे १२० किलो. भाव पडला ८० रुपये किलो. डिसेंबर-जानेवारीत पालक, फुलकोबी, टमाटर नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये याहून बऱ्याच कमी भावात मिळतात आणि तेव्हा घरातलं कोणीतरी ते बोलून दाखवणारच. ते चूकही नाही. हिवाळ्यात असा वाटा बाजारापेक्षा महागच पडतो.

पण ८० हा खरा भाव नव्हे. थैल्यातली जितकी भाजी पातेल्यात पडते, तिचा भाव खरा. दर आठवड्याला एक किलो भाजी पिवळी पडून कचऱ्यात गेली तर हातात राहिली ९६ किलो आणि भाव झाला १०० रुपये. दोन किलो गेली तर १३३. म्हणून शेत किती चांगलं, यापेक्षा तुमचा ओटा किती मोकळा, हे आधी बघा.

डिसेंबरातला ५ किलोचा थैला साधारण असा असतो : टमाटर १ किलो, वांगी पाऊण किलो, फुलकोबीचा ७०० ग्रॅमचा एक गड्डा, वालाच्या शेंगा अर्धा किलो, पालक अर्धा किलो, मेथीच्या दोन जुड्या मिळून अर्धा किलो, पानांसकट मुळे ६०० ग्रॅम, कांद्याची पात २०० ग्रॅम, सांबार (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांची कोथिंबीर) १५० ग्रॅम आणि हिरव्या मिरच्या १०० ग्रॅम. वाचायला झकास. आता हाच थैला बुधवारी संध्याकाळी सात वाजता ओट्यावर ओता. मेथी निवडायला वीस मिनिटं, वालाच्या शेंगांच्या शिरा काढायला पंधरा, पालक तीन पाण्यांतून काढायला दहा, मुळ्याचा पाला वेगळा करून धुवायला आणखी दहा. स्वयंपाक अजून सुरूही झालेला नाही, आणि गुरुवारी पुन्हा ऑफिस.

वजन तुम्हाला जास्त होणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. माणशी २५० ग्रॅम धरली तरी चौघांना आठवड्याला ७ किलो लागते. अडचण क्रमाची आहे. वरच्या थैल्यात पालेभाजी, पात, सांबार आणि मुळ्याचा पाला मिळून दीड किलोच्या आसपास भरतो आणि तो तीन-चार दिवसांत संपवावा लागतो.

पैसे भरण्यापूर्वी चार आठवडे एक वही ठेवा. रोज कोणती भाजी केली आणि आठवड्याअखेर काय फेकलं, एवढंच लिहायचं. आठवड्यात तीन दिवस पालेभाजी होत असेल आणि वांगी, मुळा, वाल यांतल्या दोन गोष्टी मुलं कुरकुर न करता खात असतील, तर पूर्ण वाटा घ्या. नसेल तर शेजाऱ्याबरोबर अर्धा घ्या. तो एकाड-एक आठवड्याने घ्या, दर थैला दोघांत फोडू नका. फुलकोबीचा एक गड्डा दोन घरांत वाटणं हा संबंध बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

आणखी एक. बुधवार हा बहुतेक शेतकऱ्याच्या गाडीच्या सोयीचा वार असतो. तुमच्यासारख्या दहा घरांनी मिळून शनिवार मागितला तर मिळू शकतो, आणि थैल्याचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. पत्रातल्या माहितीवरून आमचं मत : पहिल्या हप्त्यापुरता अर्धा वाटा, तोही शनिवारी.

प्रश्न : शेतकरी ‘संपूर्ण जैविक’ म्हणतो. मानायचं कशावरून? — धरमपेठ

उत्तर : कागद दोन प्रकारचे असतात. एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) प्रमाणपत्र म्हणजे त्रयस्थ संस्था येऊन तपासते. ते खर्चिक असतं आणि निर्यात करणाऱ्यांच्या जास्त कामाचं. पीजीएस-इंडिया या सहभागी हमीच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेतं तपासतो. लहान भाजीवाल्याकडे असलाच तर बहुधा हा कागद असतो. त्यावर ‘पीजीएस-ग्रीन’ असेल तर जमीन अजून रासायनिकातून जैविकाकडे रूपांतरणाच्या काळात आहे. हंगामी पिकांना हा काळ साधारण दोन वर्षांचा, संत्र्यासारख्या झाडांना तीन वर्षांचा. ‘ग्रीन’ म्हणजे खोटं नव्हे, अपुरं. त्याचा भाव पूर्ण जैविकाइतका देऊ नका.

काहीच कागद नाही म्हणजे लबाडी, असंही नाही. ग्राहकाला थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे. मात्र त्याला ‘जैविक भारत’चं चिन्ह लावता येत नाही. चिन्ह आहे पण प्रमाणपत्राचा क्रमांक विचारला की विषय बदलतो, असं झालं तर तिथून निघा.

यापुढचं सगळं शेतावर जाऊनच कळतं, आणि जायचं ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा किडींचा जोर असतो आणि शेजारच्या कपाशीवर फवारणी चालू असते. आधी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक फेरी मारा. पलीकडे कपाशी असेल तर मध्ये काय आहे? तुरीच्या, ज्वारीच्या किंवा शेवरीच्या दाट ओळी असतील तर शेतकऱ्याने शेजारच्या फवाऱ्याचा विचार केलेला आहे. पालकाचा वाफा थेट धुऱ्याला चिकटलेला असेल तर नाही. धुऱ्याच्या झुडपात औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसतात का, हेही पाहून घ्या.

मग जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या खताची, टाकी दाखवायला सांगा. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांमुळे हे प्रमाण विदर्भात घरोघर माहीत झालं आहे : २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. एवढं एका एकराला. जो खरंच करतो तो हे आकडे न अडखळता सांगतो आणि टाकीला आंबूस वास असतो. टाकीत कोळ्याची जाळी दिसली की पुढचं विचारायला नको.

वांग्याच्या ओळीत थांबा. शेंडे माना टाकल्यासारखे वाळलेले दिसतील, ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. तिचं काय करता, असं विचारा. वाळलेले शेंडे खुडून नष्ट करतो, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावतो, ५ टक्के निंबोळी अर्क मारतो, असं उत्तर आलं तर ठीक. छिद्रं असलेली वांगी म्हणजे जैविक, हा समज मात्र सोडा. फवारलेल्या वांग्यांतही अळी निघते. ऑगस्टात एकूण एक वांगं चकचकीत असेल, तर ते कसं जमलं हे जरूर विचारा.

शहराच्या पूर्वेकडच्या शेतांसाठी पाण्याचा प्रश्न सगळ्यात आधी. नाग नदी आणि पिवळी नदी शहराचं सांडपाणी घेऊन तिकडे जातात. नदीवर मोटर टाकून भिजवलेला पालक खतामुळे जैविक असेलही, खाण्यासारखा नसेल. विहीर किंवा बोअर डोळ्यांनी पाहा आणि पाईप कुठून येतो तिथपर्यंत चालत जा.

प्रयोगशाळेचा अहवाल कोणी पुढे केलाच तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता, नमुन्याची तारीख आणि भाजीचं नाव पाहा. जानेवारीतल्या गाजराचा अहवाल ऑगस्टातल्या भेंडीबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : वर्षभराचा वाटा घेतला. एप्रिलपासून थैला निम्म्यावर आला. मे महिन्यात दोनदा आलाच नाही, आला तेव्हा ढेमसे आणि कोहळं. पैसे मात्र पूर्ण. ही फसवणूक नाही का? — प्रतापनगर

उत्तर : फक्त थैला हलका आला म्हणून नाही. या पद्धतीचा गाभाच हा आहे की हंगाम बरा-वाईट जो होईल तो शेतकरी आणि सभासद मिळून सोसतात. जपानमध्ये ‘तेइकेई’ नावाने ती १९७० च्या दशकात रुजली, अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर सुरू झाली, आणि दोन्हीकडे ग्राहकाने आधी पैसे दिले ते याच समजुतीवर. फरक एवढाच की तिथे पीक बर्फाने थांबतं, इथे उन्हाने.

नागपूरच्या उन्हाळ्यात मळ्यात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे हिशेब लागेल. दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रही गरम राहू लागली की टमाटरचं फूल गळतं, फळ धरत नाही. मेथी, पालक, सांबार उगवले तरी पान मोठं होण्याआधी फुलावर येतात. ४५ अंशांत शेडनेटखालीही पालेभाजी जेमतेम तगते, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जे उभं राहतं ते वेलीवरचं आणि शेंगेचं : ढेमसे, काकडी, दोडके, कोहळं, गवार, चवळीच्या शेंगा, थोडी भेंडी. तुमच्या थैल्यात ढेमसे आले म्हणजे शेतकरी निदान शेतातलंच देत होता.

पुढचा धोका जुलै-ऑगस्टात. काळ्या जमिनीत चार दिवस झड लागली की पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि मेथीचा वाफा मुळाशी कुजतो. तेव्हा थैला भरतो तो अंबाडी, धोप्याची (अळूची) पानं, दोडके, कारली, तरोटा (टाकळा) यांनी. फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर उभा मळा अर्ध्या तासात झोपवते. या तिन्ही गोष्टी विदर्भात अचानक घडत नाहीत, म्हणून करारात त्या आधीच लिहिलेल्या हव्यात. तुमच्या कागदावर त्यांचा उल्लेख नसेल तर चूक शेतकऱ्याचीही आहे आणि न वाचता पैसे भरणाऱ्याचीही.

नीट करारात निदान एवढं असतं. वर्ष न धरता हंगाम धरलेला असतो, आणि मे-जूनची सुट्टी किंवा कमी पैशांचा हलका थैला ठरलेला असतो. थैला ठरलेल्या वजनाच्या किती खाली गेला तर पुढे भरून द्यायचा, ते लिहिलेलं असतं. कमी आठवड्यांत भाजीऐवजी काय चालेल तेही ठरतं : तुरीची डाळ, मूगवड्या, वाळवलेली गवार, भिवापुरी मिरची, वायगावची हळद. हा अदलाबदलीचा मुद्दा आम्हाला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण विदर्भातल्या घरांनी उन्हाळा कायम असाच काढला आहे. मात्र डाळ, तिखट, हळद असा प्रक्रिया केलेला माल पाकिटातून आला तर त्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा. शेतातल्या ताज्या भाजीला तो लागत नाही.

आता फसवणूक कुठे सुरू होते ते. सभासदांचे थैले रिकामे आणि त्याच आठवड्यात तोच माल दुकानांना जातोय, ही फसवणूक. कळमन्याच्या ठोक बाजारातून भाजी उचलून आपली म्हणून थैल्यात भरणं, हीसुद्धा. सांगून भरली तर हरकत नाही, काही सभासद उलट खूश होतात. मे महिन्याच्या थैल्यात टवटवीत फुलकोबी किंवा वाटाण्याच्या शेंगा आल्या, तर त्या तुमच्या शेतकऱ्याच्या वावरातल्या नाहीत, हे पक्कं समजा.

तुम्ही आधी दोन न आलेल्या थैल्यांचा हिशेब लेखी मागा. बहुतेक ठिकाणी पावसाळ्यात जादा माल देऊन विषय मिटतो. पावती असेल आणि उत्तर येत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

प्रश्न : उमरेड रोडवर एक जण ‘शेतात वाटा’ म्हणून १,००० चौरस फूट जमीन नावावर करून देतो म्हणतो, वर दर महिन्याला भाजी. ही तीच योजना का? — बेसा

उत्तर : नाही. हा जमिनीचा व्यवहार आहे, भाजी हे वरचं आमिष. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, आणि एवढासा तुकडा शेतजमीन म्हणून तुमच्या सातबाऱ्यावर चढेल असं कोणी म्हणत असेल तर आधी वकिलाला कागद दाखवा. सोबत महिन्याला ठरावीक रकमेचा ‘परतावा’ही सांगत असतील तर वकिलापर्यंतही जाऊ नका. भाजीच्या वाट्यात तुमच्या नावावर काहीच होत नसतं. फक्त हंगामाची पावती असते.

प्रश्न : थैला छान येतो, पण चौथ्या दिवशी पालक चिकट होतो आणि सांबार काळा पडतो. फ्रिज नवा आहे. — खामला

उत्तर : फ्रिजचा दोष नाही, ओलाव्याचा आहे. भाजी आल्या आल्या धुऊन ठेवत असाल तर ते बंद करा. जुडीची सुतळी सोडा, पिवळी आणि मोडलेली पानं काढा, भाजी पंख्याखाली पंधरा मिनिटं पसरा. मग कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. जुनं धोतर, जुनी सुती ओढणी उत्तम. कापड ओलसर झालं की बदला. जुडी बांधलेलीच ठेवली तर मधली पानं आधी कुजतात आणि ती कूज बाहेर पसरते.

सांबाराचे देठ बोटभर पाण्यात, पेल्यात उभे ठेवा आणि पानांवर सैल पिशवी घाला. मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढून मुळा पोकळ करतो. टमाटर, कोहळं बाहेर. वांगी आणि काकडी फ्रिजमध्ये ठेवायचीच असली तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण जास्त थंडाव्याने त्यांवर डाग पडतात.

खायचा क्रम असा ठेवा : पहिले दोन दिवस मेथी आणि पालक, तिसऱ्या दिवशी पात आणि मुळ्याचा पाला, मग भेंडी, वांगी, शेंगा, आणि शेवटी फुलकोबी. उन्हाळ्यात थैला सुरक्षारक्षकाच्या खोलीत दोन तास पडून राहिला तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. माना टाकलेला पालक देठाची टोकं कापून वीस मिनिटं गार पाण्यात उभा केला तर पुन्हा ताठ होतो. पण त्याच दिवशी करून टाका.

प्रश्न : कुही तालुक्यात चार एकर आहे, विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी. नागपुरातल्या २५ घरांना असे वाटे द्यावेत का? जमीन किती लावू? — कुही

उत्तर : मार्चपर्यंत पाणी आहे तर मार्चपर्यंतच विका. वर्षभराचं कबूल करू नका, वरचं प्रतापनगरचं पत्र वाचलंतच. आणि पहिल्या वर्षी २५ घरं नकोत, १५ घ्या. तरी तुम्ही २५ विचारली आहेत, म्हणून हिशेब २५ चाच देतो.

२५ घरं, ५ किलो, म्हणजे आठवड्याला १२५ किलो. २४ आठवड्यांत ३,००० किलो. कीड, रानडुकरं, झड आणि न विकण्यासारखा माल यांसाठी चौथा हिस्सा जास्त धरा, म्हणजे ३,७५० किलोची लावण. मिश्र भाजीपाल्याला एक एकर पुरावा. बाकी तीन एकरांत तूर आणि हरभरा असू द्या, थैल्यात डाळ घालायला कामी येतात.

चूक होते ती एकदम पेरण्यात. मेथीचा हिशेब पाहा. २५ घरांना पाव-पाव किलोच्या दोन जुड्या म्हणजे आठवड्याला साडेबारा किलो. त्याला २५ चौरस मीटरचा एक वाफा आणि सुमारे ७५ ग्रॅम बी पुरतं, थोडं उरतंही. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. म्हणून दर आठवड्याला एक वाफा पेरायचा आणि असे सहा वाफे फिरते ठेवायचे. अर्धा एकर मेथी एकाच दिवशी पेरली तर एका आठवड्यात थैल्यात दहा जुड्या आणि पुढचे तीन आठवडे शून्य, आणि सभासद दोन्ही वेळा नाराज.

टमाटर घरटी एक किलो धरला तर आठवड्याला २५ किलो, सोळा आठवड्यांना ४०० किलो. जैविक मशागतीत झाडाला दीड ते दोन किलो धरा, म्हणजे २७० झाडं. ९० बाय ६० सेंटिमीटरवर ती जेमतेम दीड आरमध्ये बसतात. ९०-९० रोपांच्या तीन लावण्या करा : ऑगस्टअखेर, सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरअखेर. पहिली लावण उंच गादीवाफ्यावरच, नाहीतर परतीचा पाऊस ती खाईल. लावणीपासून तोड्याला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या थैल्यात टमाटर नसणार. हे सभासदांना पैसे घेण्याआधी सांगा. पहिल्याच थैल्यात टमाटर नाही म्हणून निघून जाणारं घर पुढे टिकलं नसतंच.

थैल्याच्या दिवशी पहाटे पाचला तोडणी सुरू झाली तर दोन माणसांना २५ थैले भरायला आठ-साडेआठ वाजतात. दव असताना तोडलेली पालेभाजी झाकून कोंबू नका, सावलीत अर्धा तास पसरू द्या. थैले कापडी आणि प्रत्येक घराचे दोन ठेवा, एक येईल एक जाईल. उन्हाआधी शहरात पोहोचायचं तर एका बाजूच्या दोन-तीन वस्त्याच घ्या. मनीषनगर आणि कोराडी रोड एकाच फेरीत घ्यायला गेलात की शेवटचा थैला दुपारी पोहोचतो.

पैसे एकरकमी मागू नका, दोन किंवा तीन हप्ते ठेवा. पहिल्या हप्त्यातली किमान चौथाई रक्कम खात्यात अडवून ठेवा, गारपिटीनंतर कोणी पैसे परत मागितले तर हात पसरावा लागणार नाही. दर थैल्यात त्या आठवड्याच्या भाज्या आणि वजनं लिहिलेली चिठ्ठी घाला. आणि वजनकाटा वैधमापन खात्याकडून मुद्रांकित करून घ्या, कारण पाच किलोचा थैला घरच्या काट्यावर पावणेपाच भरला की पहिला फोन त्याचाच येतो.